ज्वारीच्या मुलखातला चिनी

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. लग्न होऊन मी अकोटजवळच्या एका गावात आले, त्याला दोन वर्षं झाली असतील. त्या काळी सायकलला रेशमी कापडाचं गाठोडं बांधून चिनी फेरीवाले वऱ्हाडात गावोगाव हिंडत.

मार्गशीर्षात एका सकाळी मी आणि सासूबाई शेतात होतो. बांधाशी सायकल आडवी टाकून एक चिनी माणूस सरळ ज्वारीत शिरला. पीक त्याच्या डोक्यावरून हातभर उंच. तो कणीस खाली वाकवायचा, ओंजळीत धरायचा, सोडून दुसरं धरायचा.

"काहून रे बापू, आमच्या ज्वारीत काय करून राह्यला?" सासूबाई ओरडल्या.

तो दचकला. डोळे ओले होते. मोडक्या हिंदीत म्हणाला, "अम्मा, यही हमारे घर में है. इतनाच ऊंचा."

सासूबाईंनी त्याला पाणी दिलं. सासरेही आले. तुझं गाव कुठं, असं त्यांनी विचारलं तेव्हा तो खळ्यात उकिडवा बसला आणि काडीने मातीत रेघ ओढू लागला. बैलाच्या तोंडासारखी जमीन पुढे आलेली, आणि तिच्या तिन्ही बाजूंनी समुद्र. "शानतुंग," त्याने चीनमधल्या आपल्या मुलखाचं नाव सांगितलं.

आमच्यापैकी कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. तो सांगत होता, दिवसातून दोनदा पाणी मागे सरतं, मग बायका टोपल्या घेऊन चिखलात शिंपले वेचतात. काठावर पाणी आटवून मीठ काढतात. डोंगरातल्या झाडांवर किडे सोडतात, त्यांच्या कोशांतून गाठोड्यातलं ते रेशीम निघतं. सपाटीवर भुईमूग आणि ज्वारी. ज्वारीच्याच धांड्यांनी घर शाकारायचं, तेच जाळून स्वयंपाक करायचा.

"आन् नदी?" सासऱ्यांनी विचारलं.

त्याने एक जाड रेघ ओढली, ती हाताने पुसली आणि भलतीकडेच दुसरी ओढली. त्याच्या आजोबांच्या वेळी नदीने वाटच बदलली होती. गावंच्या गावं गेली. पाणी हळदीसारखं पिवळं, आणि पूर आला की इथून त्या सातपुड्यापर्यंत.

सासरे वळून उत्तरेकडे बघत राहिले. "एवढं पानी," ते पुटपुटले. मधली सगळी शेतं, गावं, आंबराया मी मनातल्या मनात बुडवून पाहिल्या.

तो भाकर खाऊन गेला. आठ दिवसांनी पाहते तर सायकलींवर तिघं! स्वतःच्या मुलखातले दोघे त्याने अमरावतीहून आणले होते, नुसती ज्वारी बघायला. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने ज्वारीचं पीठ मागितलं. सासूबाईंनी अंगणात तीन दगडांची चूल मांडून दिली. त्याने पातळसर काहीतरी रटरट शिजवलं आणि पहिली वाटी दोन्ही हातांनी सासूबाईंपुढे धरली.

मला वाटलं, त्या नाही म्हणतील. त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा. वाटी माझ्याकडे देत म्हणाल्या, "पोरी, चाखून पाह्य. समुद्राच्या पल्याड आपली आंबील करतेत व!"