दाराआडचं ताट

माहेरी तळेघरला सवा महिना काढून मी लेकीला घेऊन सासरी बोरीला आले आणि दुसऱ्याच दिवशी माझं जेवण दाराआड गेलं. सासूबाई ताट वाढून आतल्या खोलीत ठेवायच्या आणि जाताना दार ओढून घ्यायच्या. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या ताटावर कुणाची नजर पडली की दूध आटतं, अशी त्यांची ठाम समजूत. ताटात मात्र कसली कसर नसायची. बाजरीची गरम भाकरी, वर तुपाचा गोळा, शेपूची भाजी, अळिवाची खीर. घरात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला एवढं तूप येत नव्हतं, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

नवरा चाकणला कंपनीत, शनिवारी यायचा. मधल्या दिवसांत मोबाईलवर लेख पाठवायचा. नव्या आईनं शांतपणे, एकेक घास जाणून जेवावं, असं त्यात असायचं. मला हसू यायचं आणि संतापही. शांतता तर इतकी होती, की माझंच चावणं मला ऐकू यायचं. भाकरीचा पापुद्रा, शेपूतली मूगडाळ, खिरीतला अळीव, सगळं मी पुरेपूर जाणलं होतं. घास तेवढा गिळवत नव्हता. माहेरी आई समोर बसून भाकरी मोडून द्यायची, उगाच काहीबाही बोलत राहायची. इथं बाहेर पडवीत घरची माणसं कांदा काढणीच्या गप्पा मारत जेवायची, हसायची, आणि मी मांडीवर लेक घेऊन भिंतीकडे बघत रडायचे.

मग मी लबाडी सुरू केली. अर्धं जेवण खिडकीतून परसातल्या कुत्रीला घालायचे. लख्ख ताट बघून सासूबाई खूश. आमची सून पोटभर जेवते, असं शेजारणीला कौतुकानं सांगायच्या.

लेक तिसऱ्या महिन्यात असताना अंगणवाडीत वजन केलं. मागच्या वेळेपेक्षा काटा जरासुद्धा सरकला नव्हता. ताईंनी तिला पुन्हा झोळीत घालून पाहिलं, तेच. पुढच्या महिन्यातही असंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, म्हणाल्या. वजन न वाढण्याचं कारण मला माहीत होतं आणि ते सांगायची सोय नव्हती. सासूबाईंना त्यांचं कारण सापडलं होतं. घरी येताच त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि नजर शिरायला नको म्हणून खिडकीवर जुनं लुगडं ठोकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ताट न्यायला आल्या तेव्हा निम्मं जेवण तसंच होतं. भाजी खारट झाली का, असं त्यांनी हळूच विचारलं. मग मला राहवेना. कुत्रीसकट सगळं सांगून टाकलं.

"मला एकटीला घास उतरत नाही, आत्या. कुणीतरी जवळ बसा."

तूप कुत्रीला घातलं म्हणून आता आपली धडगत नाही, असं वाटलं. त्या बाहेर गेल्या आणि स्वतःचं ताट घेऊन आल्या. उंबऱ्याशी माझ्याकडे पाठ करून बसल्या.

"तू जेव. मी न्हाई बघत."

त्या दिवसापासून आम्ही तशाच जेवायचो. समोर त्यांचा पिकलेला अंबाडा, भाकरी मोडताना वाजणाऱ्या बांगड्या. त्या भिंतीला सांगितल्यासारखं कांद्याचं, म्हशीचं बोलत राहायच्या, मी हूं हूं करत जेवायचे. भाकरी कधी संपली ते कळायचं नाही.

पुढच्या महिन्यात काटा चांगला सरकला. त्या दुपारी जेवताना मी म्हटलं, आत्या, तुम्ही बसलात म्हणून लेक सुधारली. त्या वळल्या नाहीत.

"माझी पाच बाळतपणं झाली या खोलीत," त्या म्हणाल्या. "मला कुणाची पाठ बी दिसली न्हाई."