अनुपस्थित एक

सप्टेंबरमधला पहिला शनिवार, सकाळी अकरा. स्थळ: प्राचार्यांच्या केबिनशेजारची बैठकीची खोली. विषय: विद्यार्थी मंडळाच्या सचिवाची निवड.

उपस्थित: प्राचार्य. क्रीडा संचालक. विद्यार्थी कल्याण अधिकारी, म्हणजे मी. मतपेटीपाशी ऑफिसातल्या मावशी. वर्ग प्रतिनिधी, नऊपैकी आठ. क्रीडा, सांस्कृतिक, एनएसएस आणि एनसीसी यांचे प्रतिनिधी, चौघेही. प्राचार्यांनी नेमलेल्या दोन विद्यार्थिनी, दोघीही.

अनुपस्थित: एक. द्वितीय वर्ष विज्ञानाची वर्ग प्रतिनिधी. कारण:

एवढं लिहून मी थांबले होते. या गोष्टीला काही वर्षं झाली. पान माझ्या वहीत आहे आणि कारणाच्या पुढची जागा अजून कोरी आहे.

मी याद्या करते. घरी किराण्याची, कॉलेजात प्रत्येक गोष्टीची. वाणिज्य शिकवता शिकवता विद्यार्थी कल्याणाचं काम माझ्याकडे आलं ते याच सवयीमुळे. मंडळ बनवायचं तर यादी लागते, आणि आमच्याकडे ते बनायचंच यादीवरून. थेट निवडणुका होणार असं दरवर्षी ऐकू यायचं. तोवर जुनी रीत. प्रत्येक वर्गात आदल्या वर्षी जो पहिला आला तो वर्ग प्रतिनिधी. त्याला कोणी विचारत नाही, तुला व्हायचं आहे का. बाकीचे सहा जण प्राचार्य नेमतात. हे पंधरा जण मग आपल्यातून एक सचिव निवडतात.

सचिवपदाला कॉलेजात फारसा अर्थ नाही. स्नेहसंमेलनात स्टेजवर खुर्ची मिळते, विद्यापीठाच्या बैठकांना जाता येतं, चौकात फ्लेक्स लागतो. पण ज्या घरांत राजकारण आहे त्यांना ही पहिली पायरी वाटते. त्यामुळे वर्षभर पहिल्या बाकावर मान खाली घालून बसणारी नऊ मुलं ऑगस्ट-सप्टेंबरात अचानक मोलाची होतात. कोणी त्यांना चहा पाजतं, कोणी गाडीवरून घरी सोडतं.

त्या वर्षीची द्वितीय वर्ष विज्ञानाची मुलगी सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची. शहरात वसतिगृहात राहायची. मंडळाच्या पहिल्या बैठकीत प्राचार्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कोणाला काही मांडायचं आहे का. कोणी काही मांडत नसतं. चहा येईपर्यंतचा तो प्रश्न. ती उभी राहिली.

"सर, ग्रंथालय चारला बंद होतं. आमची प्रॅक्टिकल्स संपतात साडेचारला. खोलीत आठ जणी आहोत. सहापर्यंत उघडं राहिलं तर वाचता येईल."

सांस्कृतिक प्रतिनिधी हळूच म्हणाला, "घ्या, हिला अजून अभ्यास करायचाय." सगळे हसले, तीही हसली, पण बसली नाही. प्राचार्य "बघू" म्हणाल्यावरच बसली. मी वहीत लिहिलं: ग्रंथालयाची वेळ, सहापर्यंत, विचाराधीन.

दुसऱ्या दिवशी मी मंडळाची यादी बोर्डावर लावली. आधीचे अधिकारी नाव आणि वर्ग एवढंच लावायचे. माझ्या यादीत नऊ रकाने होते. नाव, वर्ग, टक्के, विषय, गाव, तालुका, पालकांचा व्यवसाय, पालकांचा मोबाईल, विद्यार्थ्याचा मोबाईल. ही माहिती मी अडीअडचणीला लागेल म्हणून गोळा केली होती. बोर्डासाठी वेगळी छोटी यादी करायला हवी होती. पण पूर्ण यादी इतकी नीट, एका पानात, रेघ न चुकता बसली होती की मी तीच लावली. चार कोपऱ्यांना चार पिना मारल्या आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. दुपारपर्यंत पोरं मोबाईलवर तिचे फोटो काढत होती. मला बरं वाटलं, इतक्या वर्षांत बोर्ड कोणी वाचला म्हणून.

सचिवपदाला दोघे उभे होते. एक तृतीय वर्ष वाणिज्याचा वर्ग प्रतिनिधी, शहरातलाच, चष्मेवाला मुलगा. दुसरा क्रीडा प्रतिनिधी. याच्या काकांचं पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षांचं मोठं पॅकहाऊस आणि स्वतःच्या बागा. मुलगा अतिशय विनम्र. समोर दिसला की "नमस्कार मॅडम", हातातली पिशवी काढून घेणार, दार उघडून धरणार.

मतदानाला आठवडा राहिला आणि चार वर्गांतले पहिले नंबर वर्गात दिसेनात. मी क्रीडा संचालकांना विचारलं.

"सहलीला गेलेत हो मॅडम," ते म्हणाले. "वणीला देवदर्शन, सापुताऱ्याला बोटिंग, मग कुठल्यातरी फार्महाऊसवर मुक्काम. मतदानाच्या दिवशी दहाला गेटवर हजर. अंगावर नवे टी-शर्ट असतील बघा."

"आणि फोन?"

"फोन बंद. नाहीतर दुसऱ्या पार्टीचा फोन यायचा ना." ते हसले. "तुम्ही नवीन आहात यात. दरवर्षीचं आहे. पोरांना फुकटात फिरायला मिळतं, आईबापांना माहीत असतं. कशाला टेन्शन घेता?"

"मुलींना पण नेतात?"

"छे छे! मुलींना कोण नेणार? काहीतरीच." मग सहज, चहात बिस्कीट बुडवत: "मुलींच्या घरी जाऊन येतात."

मंगळवारी दुपारी ती माझ्या केबिनच्या दारात उभी होती. आत ये म्हटलं तरी दोनदा मागे बघून आली. फोन पुढे केला. फोटो होता. एक कुडाचं घर, अंगण, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पांढऱ्या शर्टातले तिघे. मधे एक वाळकासा माणूस, मांडीवर मिठाईचा खोका धरून ताठ बसलेला.

"बाबा आहेत," ती म्हणाली. "क्रीडावाल्या दादाने पाठवला. खाली लिहिलंय, 'काकांनी भेट घेतली, बाबा खूप चांगले आहेत.'"

"मग? चांगलंच की," मी म्हणाले.

"मॅडम, आमच्या पाड्यावरनं छाटणीला टोळी जाते ना, दसऱ्यानंतर. त्याच काकांच्या बागेत. बाबा तिकडेच जातात. पावसाळ्यातलं शेतकाम संपलं की ते काम, नाहीतर गुजरातला जावं लागतं." तिने फोन बंद करून ओढणीत धरला. "मुकादमही होता बरोबर. फोटोत नाही आला, फोटो त्यानेच काढलाय."

"काही बोलले का ते? धमकी वगैरे?"

"नाय. चहा घेतला. बाबा म्हणतो, लय चांगली माणसं व्हती. जाताना म्हणाले, पोरीला सांगा, आपल्या माणसाला विसरू नको."

कुठे बोट ठेवावं असं त्यात काहीच नव्हतं. तक्रार लिहायची झाली तर लिहायचं काय, मिठाई आणली?

मग तिने विचारलं, "मॅडम, त्यांना घर कसं सापडलं? आमचं घर वसतिगृहातल्या मुलींनाही माहीत नाही."

मी म्हणाले, "वसतिगृहाच्या ऑफिसातून घेतलं असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. उद्धटपणा नव्हता त्यात. "बोर्डावर आहे, मॅडम," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी खाली जाऊन यादी काढली. पिना खिशात टाकल्या. व्हरांड्यात तीन मुलं उभी होती, त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "राहू दे, माझ्याकडे आहे फोटो." तो बहुतेक वेळापत्रकाबद्दल बोलत असावा. मी मागे वळून विचारलं नाही.

शुक्रवारी ती वर्गात नव्हती. वसतिगृहातून कळलं, सकाळच्या जीपने घरी गेली. फोन लावला तर रेंजबाहेर.

शनिवारी दहाला गेटवर पांढरी गाडी आली आणि चार हुशार मुलं उतरली. चौघांच्या अंगावर एकाच रंगाचे टी-शर्ट. एकाचं नाक उन्हाने सोललं होतं. क्रीडा संचालकांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मतदान पंधरा मिनिटांत आटपलं. चौदा मतं. सात आणि सात.

क्रीडा प्रतिनिधी रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. रागाने नाही, दुकानदार एखादा जिन्नस कमी भरल्यावर फडताळाकडे बघतो तसा. प्राचार्यांनी नियम वाचला आणि दोन चिठ्ठ्या करायला सांगितल्या. मावशींनी पदराला हात पुसून एक उचलली.

"वाचा मावशी."

"चष्मा नाय माझा. तुम्हीच वाचा, मला कशाला पापात घेता?"

सगळे हसले. चिठ्ठी वाणिज्यच्या मुलाची निघाली.

क्रीडा प्रतिनिधीने सगळ्यांत आधी त्याचं अभिनंदन केलं. नंतर माझ्या टेबलापाशी आला. मी वहीत हजेरी लिहीत होते.

"मॅडम, त्या पानाचा एक फोटो काढू का? आठवण म्हणून."

"नाही. कार्यालयीन कागद आहे."

"बरं मॅडम." तो हसला. "तसं मोजलंय मी. एकच कमी होती ना?" मग अगदी आपुलकीने विचारलं, "आजारी होती का ती? काय कारण लिहिलंय?"

"अजून लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"लिहा तेव्हा सांगा. काका विचारतील."

ती सोमवारी आली. चेहरा नीट झोप न झाल्यासारखा. सरळ मुद्द्यावर आली.

"मॅडम, मी आले असते तर मत द्यावं लागलं असतं. त्यांना द्यायचं नव्हतं, आणि नाय दिलं तर मोजणीत कळलं असतं. म्हणून नाय आले. मला वाटलं, सुटले." तिने माझ्या वहीकडे बघितलं. "तुम्ही आजारी लिहा."

"आजारी होतीस?"

"नाय. पण आजारी लिहा आणि त्याला ते पान दाखवा. मग काका मुकादमाला म्हणतील, पोरगी आजारी व्हती, बापाचा काय दोष. त्यांचाही मान राहील. दसऱ्याला अजून महिना आहे."

तिने सगळा विचार केला होता. एकोणीस वर्षांची मुलगी, तिला माझ्या वहीची ताकद माझ्यापेक्षा जास्त कळली होती.

आणि मी म्हणाले, "वैद्यकीय दाखला लागेल."

हे वाक्य मी कसं म्हणाले ते मला स्पष्ट आठवतं. आवाज चढवला नव्हता. रोज दहा मुलांना सांगते तसंच सांगितलं. माझ्या वहीत तोवर एकही खोटी नोंद नव्हती आणि त्याचा मला अभिमान होता.

"डॉक्टर आमच्याकडे बुधवारी येतात," ती म्हणाली. "आले तर. आणि आजारी नसताना दाखला कसा देतील?"

"मग मला लिहिता येणार नाही गं. रेकॉर्ड आहे ते."

ती थोडी हसली. "हो. यादी खरी पाहिजे." आणि गेली. मी तिला परत बोलावणार होते. तास होता, घंटा झाली.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ती जिन्यात भेटली. मी थांबवून विचारलं.

"टेम्पो आला होता," ती म्हणाली. "मुकादमाने नावं वाचली. बाबांचं नाव नव्हतं. बाबा म्हणतो, वाचायचं राहिलं असेल. दुसऱ्या दिवशीही पिशवी भरून बसला होता."

पुढे ते गुजरातला गेले, ऊसतोडीला. हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. सचिव झालेल्या मुलाने ग्रंथालयाचा विषय एकदाही काढला नाही. ग्रंथालय चारला बंद होत राहिलं.

जूनमध्ये पुढच्या वर्षीची यादी करायला बसले. विज्ञान शाखेत पहिला नंबर वेगळ्याच मुलीचा होता. ती तिसरी. मी रसायनशास्त्राच्या सरांना विचारलं, काय झालं हिला?

"मलाही कळेना," ते म्हणाले. "एक आख्खा प्रश्न सोडलाय तिने. सोपा होता. वर्गात फळ्यावर तिनेच सोडवून दाखवला होता."

मी तिला गाठलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"तिसऱ्या नंबरला मत नसतं ना, मॅडम," ती म्हणाली. "तुमच्या यादीत नको मला."

ती पास होऊन गेली. चांगल्या मार्कांनी गेली, तिच्या मानाने कमी. विद्यार्थी कल्याणाचं काम अजून माझ्याकडेच आहे. बोर्डावर आता नाव आणि वर्ग, दोनच रकाने लागतात. ते काम मी त्याच वर्षी केलं. गेल्या आठवड्यात या वर्षीच्या नऊ जणांची यादी लावली. संध्याकाळी खाली आले तर एक मुलगा बोर्डासमोर उभा राहून फोटो काढत होता. मला बघून त्याने फोन खाली घेतला. "नमस्कार मॅडम," तो म्हणाला, आणि माझ्या हातातली पिशवी घ्यायला पुढे आला.

पिशवी मी दिली नाही. वर येऊन जुनी वही काढली. शिल्लक कामं दोन. ग्रंथालयाची वेळ, अजून विचाराधीन. आणि त्या शनिवारच्या पानावर, अनुपस्थित एक, याच्यापुढे कारण लिहिणे. पेन उघडून बसले होते. मग मावशी ऑफिसला कुलूप लावायला आल्या, आणि वही मिटली.