विहीणही हान्सेन, व्याहीही हान्सेन

"घरदार बघितल्याशिवाय मी काही हो म्हणायची नाही," असं आमच्या सासूबाईंनी हॅम्बर्गच्या स्वयंपाकघरात भेंडी चिरता चिरता जाहीर केलं आणि आमची फ्योर बेटाची सहल ठरली.

प्रश्न माझ्या धाकट्या दिराच्या लग्नाचा होता. निखिल कार्ल्सरूहेला पीएचडी करतो. त्याच्याच इन्स्टिट्यूटमधली, मूळची उत्तर समुद्रातल्या या फ्योर बेटावरची विबके हान्सेन त्याला आवडते, त्यालाही आता बरेच दिवस झाले. लग्नाच्या नोंदणीसाठी श्टांडेसाम्टमध्ये जाऊन तारीख घ्यायची एवढंच बाकी होतं. पण हे शेंडेफळ भलतंच हट्टी. "वहिनी, आईच्या तोंडून मनापासून हो आल्याशिवाय मी तारीख घेणार नाही," म्हणाला. आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्या होत्याच. माझ्या नवऱ्याची नेमकी त्याच शनिवार-रविवारी सॉफ्टवेअर रिलीज, म्हणजे तो नेहमीप्रमाणे अलगद सुटला. राहिलो आम्ही सासू-सून, आणि बेसनाच्या लाडवांचे दोन डबे.

तुम्ही जाणार असाल तर सांगते, हा प्रवासच निम्मी सहल आहे. हॅम्बर्ग-आल्टोनाहून पश्चिम किनाऱ्याने वर जाणारी रीजनल गाडी धरायची. तुमच्याकडे महिन्याचं डॉइचलांडटिकेट असेल तर गाडीला वेगळा छदामही लागत नाही, फेरीबोटीचं तिकीट मात्र निराळं. वाटेत कील कालव्यावरचा पूल येतो, इतका उंच की खालची जहाजं आंघोळीच्या टबातली वाटतात. त्यानंतर सपाट हिरवं रान, पवनचक्क्या आणि मेंढ्या. मेंढ्या इतक्या, की आईंनी त्यांना नावं ठेवायलाही सुरुवात केली. "ती बघ, आपल्या सोसायटीतल्या सेक्रेटरीसारखी बघतेय."

नीब्युलला गाडी बदलायची. तिथून छोटी गाडी थेट डागेब्युलच्या धक्क्यावर जाते, गाडीतून उतरा आणि बोटीत चढा. बोटीला तासाच्या आतबाहेर लागतो. कानटोपी विसरू नका. वारा असा, की आईंनी साडीवर स्वेटर, स्वेटरवर माझं जॅकेट आणि पदराला दोन पिना लावल्या तरी त्या म्हणाल्या, "मला धरून ठेव गं, नाहीतर मी तुझ्या आधी पोचेन."

बोटीवर आमच्या मागे दोन बायका बोलत होत्या.

"हान्सेनने नवी गाडी घेतली."

"कुठल्या हान्सेनने?"

"गिरणीमागच्या."

"हो, हो, तो. मला वाटलं दीपस्तंभाकडचा."

मी आईंना हे भाषांतर करून सांगितलं. आईंचे डोळे चमकले.

बेटावरच्या वीक गावाच्या धक्क्यावर निखिल आम्हाला घ्यायला येणार होता, त्याला उशीर होता. म्हणून आम्ही गावातून जरा चालून आलो. बेकरीच्या पाटीवर हान्सेन. टॅक्सीच्या दारावर हान्सेन. शिडी लावून घर रंगवणाऱ्याच्या व्हॅनवर हान्सेन. आई थांबून थांबून वाचत होत्या, इंग्रजी अक्षरं त्यांना येतात. मग म्हणाल्या, "अगं, केवढं खटलं आहे यांचं. सगळं गाव यांच्या भावकीचं. घराणं चांगलंच दिसतंय."

आमचं मूळ गाव कोकणातलं. तिथे एका वाडीत सगळे आपटे, आणि सगळे एकमेकांच्या सुतकात. एक गाव, एक आडनाव म्हणजे भावकी, हे आमच्या रक्तातच आहे. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. आईंनी डबा उघडला. बेकरीतल्या बाईला लाडू, टॅक्सीवाल्याला लाडू. रंगारी शिडीवरून खाली आला, हात पुसले, लाडू खाल्ला आणि म्हणाला, "लेकर." आईंनी विचारलं, काय म्हणतो? मी म्हटलं, छान झालाय म्हणतो. त्यावर त्याला दुसरा मिळाला. निखिल आला तेव्हा एक डबा रिकामा आणि दुसऱ्याला ओहोटी लागलेली.

विबकेचं घर बेटाच्या आतल्या बाजूला, नीब्लुमजवळ. विटांच्या भिंती, निळी दारं आणि वर गवताने शाकारलेलं छप्पर. आईंनी निखिलला बाजूला घेऊन विचारलं, "बरं आहे ना रे यांचं? घराला गवत?" तो म्हणाला, "आई, हे छप्पर कौलांपेक्षा कितीतरी महाग पडतं." आईंनी छपराकडे पुन्हा एकदा मान वर करून बघितलं.

विबके दारातच उभी होती. ती नमस्कार करायला इतकी खाली वाकली, की आईंनी तिला खांद्याला धरून उचललंच. आत तिचे वडील उवे, आई झिल्के आणि झिल्केची आई, म्हणजे विबकेची ओमा. ओमा ऐंशी पार, काठी हातात, नजर घारीची. टेबलावर फ्रीझनटोर्टे नावाचा केक होता. खुसखुशीत पदरांमध्ये मनुकांसारख्या आंबटगोड प्लमचा मुरंबा आणि भरपूर साय. झिल्केने आधीच विचारून घेतलं होतं, त्यात अंडं नव्हतं. बेटावर कुठल्याही कॅफेत हा मिळतो, एक तुकडा दोघांत पुरतो. आईंनी एकटीने संपवला.

सगळं इतकं छान चाललं होतं, की मी मनात साड्यांचे रंगही ठरवायला लागले होते. तेवढ्यात आईंनी झिल्केकडे वळून, कुठल्याही मराठी विहिणीने विचारावं तसं विचारलं, "तुमचं माहेरचं आडनाव काय हो?"

निखिलकडून बऱ्यापैकी मराठी शिकलेल्या विबकेने भाषांतर केलं. झिल्के हसून म्हणाली, "हान्सेन."

"सासरचं नव्हे, माहेरचं."

"गेनाऊ, अगदी तेच. हान्सेन."

आईंचा चमचा बशीतच राहिला. त्या मराठीत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "निखिल, हे सगोत्र आहेत."

पुढचा अर्धा तास मला आठवूनही घाम फुटतो. निखिलने समजवायला घेतलं. पूर्वी इकडे आडनावं नसायची, बापाचं नाव लावायचे, हान्सेन म्हणजे हान्सचा मुलगा. शिकलेल्या माणसाने एवढं बोलायलाच नको होतं. आई म्हणाल्या, "म्हणजे सगळे एकाच हान्सची पोरं. हे तर आणखीच वाईट."

"अहो आई, जोशी नाहीत का, निरनिराळ्या गोत्रांचे?" मी मध्ये पडले.

"जोशी कामावरून पडलेलं नाव आहे. हे बापावरून आहे म्हणतोय ना हा? आपल्यात आपटे-आपटे लग्न झालेलं ऐकलंयस कधी? भावा-बहिणीच्या लग्नातली मुलगी मी घरात आणू?"

हे वाक्य निखिलने भाषांतरित केलं नाही. पण विबकेला ते कळलंच, आणि आईंचा चेहरा तर कुणालाही कळला असता. ती उठून चहाचं पाणी ठेवायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. निखिल बाहेर बांधावर जाऊन येरझाऱ्या घालायला लागला. मला आई नि निखिल, दोघांवरही राग आला आणि दोघांचीही दया आली. रात्रीच्या जेवणाला बटाटे होते, ते आम्ही मान खाली घालून खाल्ले.

सकाळी चहाला ओमा आधीच येऊन बसलेली. विबकेने तिला सगळं सांगितलं होतं म्हणे. ओमा आईंकडे बघून काहीतरी बोलली. विबके भाषांतर करताना पहिल्यांदा हसली. "ओमा म्हणते, झिल्केने उवेला घरी आणलं तेव्हा मीही हेच विचारलं होतं. मग पाच पिढ्या मागे जाऊन बघितलं. कुठेही जुळत नाही. चला, दाखवते."

आणि ती आम्हाला घेऊन गेली कुठे, तर चर्चच्या स्मशानभूमीत. मी कपाळाला हात लावला. लग्नाची बोलणी करायला निघालेल्या सासूला दिवसाची सुरुवात स्मशानाने. आई फाटकाशी अडल्या. ओमाने काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला. आईंनी तो धरला आणि पुटपुटल्या, "आल्यावर डोक्यावरून अंघोळ करीन."

फ्योरला गेलात तर समुद्र एक वेळ चुकवा, हे दगड चुकवू नका. आत जायला तिकीट नाही. माणसापेक्षा उंच शिळा, त्यांवर शिडाची जहाजं कोरलेली, आणि खाली त्या माणसाचं सगळं आयुष्य. कुठे जन्मला, व्हेलच्या शिकारीला उत्तरेच्या समुद्रात किती वेळा गेला, लग्न कुणाशी, मुलं किती. काहींवर कुटुंबाची फुलं कोरलेली असतात. बाप नि मुलगे एका जातीची फुलं, आई नि मुली दुसऱ्या जातीची.

ओमा काठीने दाखवत गेली. हा पेटर. त्याचा मुलगा हान्स, म्हणून हान्स पेटरसेन. त्याचा मुलगा येन्स, म्हणून येन्स हान्सेन. त्याचा मुलगा परत पेटर, तो पेटर येन्सेन. बाप, मुलगा, नातू, तिघांची आडनावं तीन.

आई चौथ्या दगडाशी थांबल्या. "अरे, हे तर आपलं मधलं नाव," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा माधव, म्हणून तू निखिल माधव. तुझ्या मुलाच्या मधे निखिल येईल. यांनी आडनाव लावलंच नाही, मधल्या नावावर भागवलं."

"गेनाऊ, आई," विबके म्हणाली. मग तिने सांगितलं, की पुढे अठराव्या शतकात हा मुलूख डॅनिश राजाकडे होता तेव्हा त्याने फर्मान काढलं. आता दर पिढीला नाव बदलायचं नाही, आहे तेच कायम धरा. लोकांनी लवकर ऐकलं नाही, पण शेवटी धरलं. ज्याच्या बापाचं नाव हान्स, तो कायमचा हान्सेन. आणि हान्स तर गल्लोगल्ली होते. म्हणून डेन्मार्कच्या हद्दीकडे जावं तसे हान्सेन, पेटरसेन, येन्सेन वाढत जातात. कार्ल्सरूहेच्या इन्स्टिट्यूटमध्ये विबके एकटीच हान्सेन आहे, आणि इथे तिला घराच्या नावाने ओळखावं लागतं.

आई विचार करत होत्या. "म्हणजे उद्या आपल्या सरकारने सांगितलं, की आजपासून मधलं नाव हेच आडनाव, तर निम्मी पुणेकर मंडळी सुरेश होतील."

"हो, आई."

"आणि मग एका सुरेशने दुसऱ्या सुरेशच्या मुलीशी लग्न केलं तर बिघडलं कुठे?"

निखिलने तिथल्या तिथे, मेलेल्या कप्तानांच्या साक्षीने, दोन्ही हात जोडले.

मला वाटलं, झालं, निघू या. पण आई एका जोडप्याच्या शिळेपाशी रेंगाळल्या. नवऱ्याच्या मागे एक नाव, बायकोच्या मागे दुसरंच. "हिचं नाव का नाही बदललं?" त्यांनी विचारलं. विबकेने ओमाला विचारलं. ओमाने खांदे उडवले. "ती तिच्या बापाची मुलगी. लग्न झालं म्हणून बाप बदलतो का?" मग ती आईंकडे वळली आणि बेटावर नव्या माणसाला विचारतात तसं तिने विचारलं, "तुम्ही कुणाच्या?"

भाषांतर व्हायला जरा वेळ लागला. आईंनी पदर सारखा केला.

"कुसुम," त्या म्हणाल्या. "विष्णू भिड्यांची कुसुम."

आमच्या आईंचं नाव मालती माधव आपटे. निखिलला कुसुम हे नाव ठाऊक होतं, आईच्या तोंडून मात्र त्याने ते कधी ऐकलं नव्हतं. मीही नाही. ओमाने ते दोनदा म्हणून बघितलं, "कुसुम, कुसुम," आणि मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

"मग आई, हो ना?" निखिलला धीर निघेना.

"स्मशानात शब्द देतात का, गाढवा? आधी अंघोळ."

घरी आल्यावर आम्ही सगळे, व्याह्यांसकट, न्हाणीघराच्या दाराकडे डोळे लावून बसलो होतो. आतून पाण्याचा आवाज आणि रामरक्षा. आई बाहेर आल्या, ओल्या केसांचा अंबाडा, ताजं कुंकू. सरळ विबकेसमोर गेल्या, उरलेल्या लाडवांतला एक तिच्या तोंडात घातला आणि म्हणाल्या, "हो." हे एक वाक्य कुणी भाषांतरित केलं नाही.

मग राहिलेल्या दिवसात आम्ही बेट मनसोक्त उपभोगलं. धक्क्याजवळ सायकली भाड्याने मिळतात, बेट सपाट आहे, गुडघे दुखत असले तरी जमतं. ओहोटीला समुद्र पार मागे सरतो आणि चिखलातून अनवाणी चालता येतं, पण वाटाड्याशिवाय लांब जाऊ नका, पाणी गुपचूप परत येतं. आई घोट्यापर्यंत चिखलात उभ्या राहून, साडी खोचून, ओमाचा हात धरून हसत होत्या. विबके म्हणाली, इथल्या मूळच्या फ्रीझियन लोकांना आता कायद्याने पुन्हा मुलांना आई-बापाच्या नावावरून आडनाव ठेवता येतं. "म्हणजे निखिलसेन," आई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच विनोदावर बोटीपर्यंत हसत राहिल्या.

हॅम्बर्गला परत आलो तर पाऊस आणि नवऱ्याने न घासलेली भांडी. आईंनी आल्या आल्या पुण्याला त्यांच्या नणंदेला फोन लावला. "मुलगी हान्सेन. आई? तीही हान्सेन. नाही हो, तसं नाही. फोनवर नाही कळायचं. लग्नाला या, स्मशानात नेऊन दाखवते."

फ्योरहून मी काय आणलं, असं विचाराल तर फ्रिजवर एक लोहचुंबक आहे, मेंढीचा. खरं जे राहिलं ते त्या संध्याकाळचं. मी कांदा चिरत होते, आई कुकरसाठी तांदूळ निवडत होत्या. मी सहज विचारलं, लग्नात निखिलने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, ते करायचं का?

आईंनी ताटातून बोट फिरवलं. "माझ्या वेळी ताट ह्यांच्याकडे तोंड करून ठेवलं होतं. मला सगळं उलटं दिसत होतं, वाचताच येईना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी शेजारच्या वहिनींना हळूच विचारलं, काय लिहिलंय हो? त्या म्हणाल्या, मालती. मी म्हटलं, बरं."

त्या हसल्या, म्हणून मीही हसले, आणि मग मला हसता येईना.

"करायचं तर," तांदूळ भांड्यात ओतत त्या म्हणाल्या, "निखिलला सांग, ताट तिच्याकडे तोंड करून ठेव. आणि काय लिहायचं, ते आधी तिला विचार."