सरसाचा वास

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा हुमनाबादच्या आमच्या घरात गिटार आली. माझे थोरले दीर तहसिलीत कारकून होते. त्यांना मी अजूनही ‘भावजी’ आणि ‘ते’ म्हणते, ते जिभेच्या सवयीनं. आदर कधीच सरला.

सिकंदराबादेतला कुणी गोरा साहेब बिऱ्हाड मोडून चालला होता, त्याच्याकडून भावजींनी ती आणली. त्यांना एका सिनेमाच्या गाण्याची पहिली ओळ वाजवता यायची. दुसऱ्या ओळीवर बोटं अडखळली की ते थांबून आमच्याकडं असं बघत, जणू चूक ऐकणाऱ्यांची होती. एरवी गिटार सोप्यातल्या खुंटीला टांगलेली असे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. टांगायला त्यांनी जुन्या धोतराच्या काठाची चिंधी घेतली होती. एका दुपारी ती तुटली. गिटार शहाबादी फरशीवर आपटली, तिची मान मोडली आणि पोटाला चीर गेली.

भावजींनी बोल लावला तो बायकोला. माझी ही थोरली जाऊ खटकचिंचोळीची. मी तिला अक्का म्हणायची.

“तूच पुसायला हात लावला असशील.”

“म्या न्हाई लावला,” अक्का म्हणाली.

“मग आपोआप पडली?”

चिंधी भिंतीवर लोंबतच होती. तिकडं मात्र त्यांनी बघितलं नाही.

गल्लीतला सुतार म्हणाला, द्या, मी बघतो. भावजी हसले. विलायती वाद्य म्हणजे काय पेरायची तिफण आहे का, असं त्याच्या तोंडावर म्हणाले आणि वर त्याच्याकडूनच सरसाच्या वड्या मागून आणल्या. आम्हा बायकांना त्या काय आहेत ते माहीत नव्हतं. गुळाच्या पाकासारख्या तांबूस, काचेसारख्या दिसणाऱ्या. त्यांनी त्या वाटीत घातल्या, वाटी पाण्याच्या भगुण्यात ठेवली आणि भगुणं स्वयंपाकघरात आमच्या चुलीच्या वैलावर, बाजूच्या तोंडावर चढवलं. शेजारी डाळ शिजत होती.

वास असा सुटला की मी पदर नाकाला लावला.

“काय उकळायलाव हे?” अक्कानं विचारलं.

“बाभळीचा डिंक.”

“डिंकाला असला वास?”

“तुला काय कळतंय त्यातलं? तू भाकरी थाप.”

हा डिंक ते रोज थोडा थोडा उकळत राहिले. लावायचे, सुतळीनं आवळायचे, सकाळी सोडून बघायचे तर मान हातात यायची. कधी डिंक पातळ झाला म्हणायचे, कधी हवेला नावं ठेवायचे. सासूबाई बघणाऱ्यांना कौतुकानं सांगायच्या, “माझं लेकरू सगळं हातानं करतंय.” त्यांच्या लेकराला तेव्हा टक्कल पडू लागलं होतं.

आम्ही लिंगायत. अक्का गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची. चुलीवरचं पहिलं अन्न त्याला दाखवल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नसे. भावजींना हे लग्नापासून ठाऊक होतं.

एके दिवशी सुतार दारात आला. “साहेबांचं काम झालं असंल तर उरलेला सरस द्या. मला लागायलाय.”

“कसला सरस?” अक्का म्हणाली. “तो तर डिंक हाय.”

“डिंक कुठला, अक्का? जनावराचं कातडं-हाडं उकळून करत्यात त्यो.”

अक्कानं उरलेल्या वड्या कागदात घालून त्याला दिल्या. मग आत येऊन बराच वेळ मुठीत लिंग धरून बसली. ती रडत नव्हती. उठली, परसातून पहार आणली आणि चूल फोडली. विस्तव विझवायलाही थांबली नाही. निखारे जमिनीवर पसरले, ते मी गोळा केले.

संध्याकाळी भावजी घरी आले.

“हे कुणी केलं?”

“म्या,” अक्का म्हणाली. “तुम्हाला ठाऊक होतं का, ते कशाचं असतंय?”

“होतं. मग? सायन्स आहे ते. जग कुठं चाललंय आणि तुम्ही—”

“मग डिंक कामून म्हणलाव?”

भावजी म्हणाले, “अडाण्यांना काय सांगत बसायचं?”

सासूबाईंनी आधी कपाळ बडवून घेतलं. रात्रीपर्यंत त्या लेकाच्या बाजूला गेल्या होत्या. “पुरुषमाणूस हाय. चुकलं असंल. तू एवढं ताणू नको.” दुसऱ्या दिवशी अक्का बैलगाडीनं माहेरी गेली. कुणी अडवलं नाही. नवी चूल मीच घातली.

त्याच आठवड्यात भावजींनी कचेरीतल्या मित्रांना चहाला बोलावलं. गिटारीची मान एकदाची बसली होती, वरून तांब्याच्या तारेचे वेढे होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते तारा पिळत होते. काडकन आवाज झाला. तारा ज्या पट्टीला बांधलेल्या होत्या ती पट्टी उडाली आणि एक तार त्यांच्या गालावर बसली. मित्र हसू दाबत होते. गालावर हात धरून भावजी म्हणाले, “घरातल्या बायकांनी ऐनवेळी चूल फोडली. सरसाला ऊब मिळाली नाही.”

मी बशा ठेवून आत आले. इतकी किळस मला त्या वासाचीही आली नव्हती.

ज्वारीची रास झाल्यावर पाहुण्यारावळ्यांत बोभाटा नको म्हणून ते अक्काला आणायला गेले. अक्काच्या अप्पांनी त्यांना जेवू घातलं आणि सांगितलं, पोरगी येईल, पण तिची चूल वेगळी राहील. भावजींनी मान हलवली. त्यांना वाटलं, महिनाभर चालेल हे खूळ.

अक्कानं परसातल्या पडवीत आपली चूल घातली. स्वतःपुरतं रांधायची, नैवेद्य दाखवून जेवायची. तिला पोरं झाली, तीही तिच्याजवळच जेवत. हैदराबाद राज्य मोडलं, आमचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, भावजी बढती मिळून पेशकार झाले, तरी ते जेवत माझ्या हातचंच. एकदा त्यांना पडवीच्या उंबऱ्यावर उभं राहिलेलं मी पाहिलं. अक्का वांग्याचं भरीत करत होती.

“मलाबी वाढ की थोडं,” ते म्हणाले.

अक्कानं वरही बघितलं नाही. “आत शिजलंय,” ती म्हणाली. “तिकडं जेवा.”

ते आत आले आणि पाटावर बसले. मी वाढलं.