प्रियदर्शिनीची जर्सी कोणी घालायची

नरेश गजभिये तसा भला माणूस. नागपूरच्या इंदोऱ्यातून निघाला, जहाजावर सेकंड इंजिनिअर झाला, बायको-मुलीला सिंगापूरला आणून क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये नीट संसार मांडून दिला. दारूच्या वाटेला गेला नाही, कुणाशी भांडला नाही. पण एक खोड होती बाबाला. हेवा! इतका हेवा करायचा की विचारू नका. जहाजावर दुसऱ्याच्या केबिनची खिडकी मोठी निघाली तरी याला जेवण गोड लागायचं नाही. आणि घरच्या बाबतीत तर बोलायलाच नको. वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर काढायचे, आणि परत आल्यावर आपली खुर्ची, आपला कप, आपली माणसं जिथल्या तिथे हवीत.

२००६ मधली ही गोष्ट. त्याचं जहाज सिंगापूरबाहेर नांगर टाकून उभं होतं, धक्क्यावर जागा मिळण्याची वाट बघत. चीफनं संध्याकाळपर्यंत सुट्टी दिली, तसा हा पठ्ठ्या पहिल्या लाँचमध्ये उडी मारून वेस्ट कोस्टला उतरला आणि तिथूनच बायकोला, हिराला, फोन लावला.

"अहो, खरंच आलात?" हिरा ओरडलीच. "पण घरी जाऊ नका हं, घरी कोणी नाही. आम्ही सगळे प्रियूच्या कॉलेजात आहोत. बास्केटबॉलचा सीझन सुरू व्हायचाय ना, त्याच्या आधीची प्रॅक्टिस आहे. टॅक्सी करा आणि सरळ इकडेच या."

टॅक्सीत बसल्यावर 'आम्ही सगळे' त्याला टोचायला लागलं. घरात माणसं तीन, त्यातलं एक या टॅक्सीत. मग सगळे म्हणजे कोण?

सगळे म्हणजे भाऊसाहेब रोकडे. गजभियांच्याच ब्लॉकमध्ये खालच्या मजल्यावर राहणारे, युनिव्हर्सिटीत संशोधन करणारे, बायको गेल्यापासून एकटेच असलेले सज्जन गृहस्थ. कॉलेजच्या हॉलमध्ये पहिल्या बाकावर ते हिराशेजारी बसले होते. खांद्यावर टॉवेल, मांडीवर थर्मास. समोरून पळत जाणारी प्रत्येक पोरगी "हाय अंकल बी!" म्हणून हात दाखवत होती आणि हे प्रत्येकीला नावानं हाक मारून उत्तर देत होते.

"जय भीम, नरेशराव! या, या. बरं झालं आलात," म्हणत भाऊसाहेबांनी सरकून जागा दिली. म्हणजे माझ्या बायकोशेजारी बसायला हा मला जागा देणार! नरेशनं जय भीम घातला आणि दात दाखवून बसला.

एवढ्यात प्रियदर्शिनीनं त्याला पाहिलं. "पप्पा!" करून ती जागच्या जागी नाचली. किती उंच झाली होती कार्टी! केस पार कानापर्यंत कापलेले. नरेशचा जीव भरून आला, तो उठला, दोन पावलं पुढेही गेला. पण कोच मिस टे यांची शिट्टी वाजली आणि पोरगी वळून रांगेत पळाली. तो उभा तो उभाच. मग आपण पाय मोकळे करायलाच उठलो होतो असं दाखवत परत बसला.

उकाडा मरणाचा. भाऊसाहेबांनी थर्मासचं झाकण उघडलं, तर आत बर्फ. नरेशनं न विचारता हात घातला, दोन खडे उचलून तोंडात टाकले आणि कडाकडा चावले. भाऊसाहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि थर्मासचं झाकण लावून टाकलं.

प्रॅक्टिस संपून आपसातला सामना सुरू झाला. "संघ एकच आहे, नरेशराव," भाऊसाहेब समजावायला लागले. "अर्ध्या मुली निळ्या, अर्ध्या पांढऱ्या. हार-जीत नसते यात. कोणाला कुठे खेळवायचं ते कोच बघतात."

"कळतं मला," नरेश म्हणाला. कळत काही नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की त्याची लेक निळ्यात आहे आणि बॉल वरून आला की बाकीच्या पोरी दोन्ही हात उंचावून झेपावतात, आणि ही एकटी उजवाच हात वर करते. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्याला राहवलं नाही. इंजिनरूममध्ये मशीनच्या वर आवाज चढवायची सवय असलेला गळा तो!

"प्रियूऽऽ! दोन्ही हात वर! डावा हात काय खिशात ठेवायला दिलाय?"

सगळा हॉल वळून बघायला लागला. हिरानं त्याचा गुडघा दाबला. भाऊसाहेब हळूच म्हणाले, "राहू द्या. तिला तसंच खेळायला सांगितलंय."

तिला काय सांगितलंय ते आता हे मला सांगणार! नरेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही रोज येता वाटतं इथे?" त्यानं विचारलं.

"रोज कुठलं? जमेल तसं. पोरीला एकटं वाटायला नको."

बस्स. हे वाक्य त्याच्या वर्मी लागलं. आणि त्यात हिरानं सहज म्हणून आणखी भर घातली. या संघात एक रीत होती. सीझनआधीच्या या आपसातल्या सामन्यानंतर प्रत्येक खेळाडूला सीझनची नवी जर्सी घरचं एखादं माणूस आपल्या हातानं घालतं. कोण घालणार ते मुलींनी आधीच कोचला कळवायचं. "प्रियूनं भाऊसाहेबांचं नाव दिलंय," हिरा म्हणाली. "तुम्ही याल हे कुठे माहीत होतं? बघा ना, नवा शर्ट घालून आलेत ते."

नरेशनं बघितलं. खरंच नवा होता शर्ट, घडी मोडलेली दिसत होती. चांगला इस्त्रीचा, फिका आकाशी. त्या शर्टाचं एकेक बटण त्याला डोळ्यांत खुपलं. मुलगी माझी, रक्त माझं, आणि मान या परक्या माणसाला? समुद्रावर मी हाडं झिजवतोय ती कोणासाठी?

सामना थांबून मुली पाणी प्यायला गेल्या, तसा तो ताडकन उठला. हिरा "अहो, अहो" करत राहिली. तो सरळ मिस टे यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, "मी प्रियदर्शिनीचा बाप. तिची जर्सी मी घालणार." मुलीला विचारलं नाही, भाऊसाहेबांना विचारलं नाही. कोचबाईंनी एकदा बाकाकडे पाहिलं, खांदे उडवले आणि "ओके" म्हणाल्या.

परत येऊन त्यानं बातमी दिली तेव्हा भाऊसाहेबांचा चेहरा जरासा उतरला. पण लगेच ते हसले. "अहो, बरोबरच आहे. बाप असताना मी कशाला?" आता हा माणूस चिडला असता, निदान रुसला असता, तर नरेशला किती बरं वाटलं असतं! पण नाही. इथेही मोठेपणा त्यालाच.

सामना संपला. मुली रांगेत उभ्या राहिल्या. कोणाची आई, कोणाचा भाऊ, कोणाची आजी पुढे येऊन जर्सी घालत होती, टाळ्या पडत होत्या. प्रियदर्शिनीचं नाव आलं. बापाला पुढे येताना बघून ती गोंधळली, तिची नजर बाकाकडे गेली. नरेशनं ती नजरही पाहिली. पण आता माघार कसली? छाती काढून तो गेला, जर्सी तिच्या डोक्यातून घातली आणि बालवाडीत जाताना घालायचा तसा तिचा डावा हात धरून झटक्यात वर ओढला.

पोरगी किंचाळली. गुडघ्यातून खाली बसली.

"डावा नको! डावा वर करू नका!" भाऊसाहेब थर्मास घेऊन धावत येत होते. त्यांनी टॉवेलात बर्फ गुंडाळला आणि नेमका जिथे हवा तिथे तिच्या खांद्यावर धरला. उकाड्यासाठी नव्हता तो बर्फ, चघळण्यासाठी तर नव्हताच. हिरा रडवेली होऊन सांगायला लागली. एप्रिलमध्ये पडली, खांदा निखळला, हॉस्पिटलात दोन दिवस होती, भाऊसाहेब उशाशी बसून होते.

"आणि मला सांगितलं नाही?" नरेशनं विचारलं.

"पप्पा, यू ओन्ली सेड व्हॉट," प्रियदर्शिनी दात आवळून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "तूच म्हणाला होतास ना, जहाजावर वाईट बातमी कळवायची नाही."

खरं होतं. जहाजी माणसांच्या घरातला नियम. हजारो मैलांवरून माणूस करणार काय? नुसता झुरणार आणि मशीनमध्ये हात घालून बसणार. म्हणून फोनवर नेहमी सगळं छान. हा नियम घरात नरेशनंच घातला होता, आणि त्याच्या माघारी जे जे छान नव्हतं ते सगळं खालच्या मजल्यावर जात होतं.

माणूस म्हणावा की काय, त्याला आता हेवा वाटला तो त्या हॉस्पिटलातल्या दोन दिवसांचा. आपली पोर कळवळली असेल, रडली असेल, पाणी मागितलं असेल, आणि ते सगळं या माणसाला मिळालं.

भाऊसाहेबांनी बर्फाचा टॉवेल त्याच्या हातात दिला. "असा धरा. दाबू नका," म्हणाले आणि हिराला घेऊन पाणी आणायला गेले. बाप-लेक बाकावर बसले. नरेश म्हणाला, "तो नियम आजपासून बंद. वाईट काही झालं तर आधी मला सांगायचं. कुठंही असलो तरी."

"शुअर?"

"शुअर."

तिनं आजूबाजूला पाहिलं. मग त्याच्या कानाशी तोंड नेलं. "मग ऐक. मॅथ्समध्ये फेल झालेय. बॅडली."

नरेशनं आवाज खाली आणला. "आईला माहीत आहे?"

"नो लाह."

"आणि..." त्यानं पाणी घेऊन येणाऱ्या आकाशी शर्टाकडे मान वळवली. "त्यांना?"

"कोणालाच नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतेय."

लेक गणितात नापास झाली म्हणून एवढा खूश झालेला बाप त्या हॉलनं कधी पाहिला नसेल.