फालुद्याचा खालचा थर

चौकातल्या त्या दुकानाला पाटी होती, पण पाटीकडे बघतंय कोण! लोक म्हणायचे, चला, ‘ढवळू नका’वाल्याकडे. कारण फालुद्याचा उंच ग्लास हातात ठेवताना तो न चुकता बजावायचा, "ढवळू नका हं. वरून खाली जायचं, थराथरानं." एखाद्यानं मुद्दाम चमचा गरागरा फिरवला की त्याचा जीव कासावीस व्हायचा. आत शेवया उकडणारी बायको हसायची, "अहो, ग्लास त्याचा, पोट त्याचं. तुमचं का एवढं पोट दुखतंय?"

उरलेलं गुलाबाचं सरबत टाकवत नाही म्हणून ती पिऊन टाकायची. तिच्याच रक्तात साखर निघाली. दुखण्यानं आधी डोळे अधू केले, मग डावा पाय गुडघ्यापासून नेला. त्यानं दुकान दुसऱ्याच्या हवाली केलं आणि घरच्या ओट्याशी उभा राहिला. तिनं एवढंच विचारलं होतं, "आता फालुदा बंदच का हो?" तेवढं त्याला पुरलं. साखरेचा कण न घालता तो फालुदा करायला बसला.

पहिला ग्लास तोंडात घेऊन ती म्हणाली, "हा फालुदा की काढा?" दुसऱ्याला म्हणाली, "भिंतीला लावा, चांगला बसेल." तो चिडायचा, ग्लास पुसायचा, पुन्हा थर मांडायचा. शेवटी जमलं. तळाला गुलाबपाकळ्यांचं पाणी, रंगाला बिटाचे दोन थेंब. त्यावर नाचणीच्या शेवया, मग भिजून टपोरा झालेला सब्जा, आटवलेलं दूध, आणि आइस्क्रीमच्या जागी गार घट्ट दही. तिला थर दिसत नव्हते, म्हणून तो लांब चमच्यानं भरवताना सांगायचा, "हे दही. आता सब्जा." ती म्हणायची, "पथ्य पाळतेय हो मी. डॉक्टर म्हणालेत ना, साखर ताब्यात आली की नवा पाय बसवू. मग तुमच्या दुकानावर चालत जाते की नाही बघा."

त्या नव्या पायावर तिचा सगळा जीव टांगलेला होता.

यावेळच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी त्याला एकट्यालाच बाहेर बोलावलं. हृदय थकलंय, म्हणाले. आता पथ्य नको. मागतील ते द्या. नव्या पायाचा विषय त्यांनी काढला नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

दुपारी मुलगी आली ती दुकानातल्या गुलाबाच्या सरबताची बाटली घेऊनच. ओट्यावर ठेवली आणि डोळे पुसत म्हणाली, "बाबा, आता तरी आईला गोड खाऊ दे."

"उचल ती बाटली," तो दबक्या आवाजात खेकसला. "एक थेंब पोटात गेला तर तिला कळेल. पथ्य आहे तोवर तिला वाटतंय पाय येणार आहे."

"आणि नाहीच आला म्हणजे?"

मुलगी तोंडावर ओढणी दाबून गॅलरीत गेली. बाटली राहिली तिथंच.

त्यानं ग्लास घेतला. डोळ्यांपुढे डॉक्टरांचं तोंड, कानात मुलीचा प्रश्न. हात मात्र आपला आपण चालला होता, दुकानात उभा जन्म चालला तसा. बाटलीची मान धरली, ग्लास तिरपा केला, काचेवरून लाल धार गोल फिरवली. मग शेवया, सब्जा, दूध, दही. गुलाबपाकळ्यांचं पाणी वाटीत तसंच राहिलं, ते त्याला दिसलंच नाही.

"हे दही," तो म्हणाला. ती खाऊन म्हणाली, "छान गार आहे." मग सब्जा. मग चमचा शेवयांत खोल गेला आणि खालचं घेऊन वर आला.

ती थांबली. तोंडातला घास तसाच धरून बसली. मग हळूच गिळला.

"हे आपलं दुकानातलं."

त्याचं लक्ष ओट्याकडे गेलं. भरलेली वाटी, उघडी बाटली. "चुकून, अगं. देवाशपथ चुकून हात गेला. थांब, दुसरा करतो."

"तुमचा हात? आणि फालुद्यात चुकेल?" ती जरा हसली. मग तिचा हात पांघरुणावरून सरकत गेला, जिथं पाय नव्हता तिथं. तिथलं पांघरूण तिनं हलकेच सपाट केलं. "डॉक्टरांनी पथ्य सोडवलं ना?"

तो खरंच चुकला होता. पण ते पटवायला गेला असता तर पथ्य अजून चालूच आहे, हे खोटं बोलावं लागलं असतं.

"पोरगी का मघापासून नाक ओढतेय, ते कळलं," ती म्हणाली. "बरं. ढवळा."

"अगं..."

"ढवळा म्हणते ना. थराथरानं कशाला जायचं आता?"

त्यानं चमचा तळाला टेकवला. आयुष्यात स्वतःच्या हातानं केलेला फालुदा त्यानं कधी मोडला नव्हता. चमचा काचेला किणकिण लागत होता. लाल वर चढलं, पांढरं खाली उतरलं, सगळं एक झालं.

तिनं तोंड उघडलं. त्यानं भरवलं.

"गोड झालाय," ती म्हणाली, आणि पुढच्या घासासाठी थांबली.