न खडखडणारं घड्याळ

समजा, तुमच्यासमोर एक लाल, दोन दारांची, जमीन हुंगत असल्यासारखी बुटकी स्पोर्ट्स कार उभी आहे. वयानं तुमच्याहून मोठी, नटण्यात नव्या नवरीच्या वरताण. तुम्हाला एवढंच सांगायचंय, की हिच्या अंगावरचं काय माहेरचं, म्हणजे कारखान्यातलं, आणि काय नंतर चढवलेलं. कुठून सुरुवात कराल?

बहुतेक जण इंजिनाकडे धावतात. जुन्या गाड्या तपासून दाखला देणारी भिंगवाली आधी स्क्रू बघते. स्क्रूची खाच झिजली असेल तर तो कुणीतरी काढलेला आहे, आणि काढला तर का काढला, हा तिचा पुढचा प्रश्न. मग सीटची शिवण, मग वायरींवरचं कापड. गळ्यात दोरीला भिंग, कपाळावर टॉर्च. दुकानातही ती सदऱ्याची शिवण उलटून बघते, म्हणून घरचं कुणी तिच्याबरोबर खरेदीला जात नाही.

ही गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात 'जशीच्या तशी' गाड्यांची वेगळी रांग असते. त्या रांगेपायी बाईंनी गाडीला कधी नवा रेडिओ लावू दिला नाही की भाच्यांना आत बसून वेफर्स खाऊ दिले नाहीत. आता भिंगवालीनं हो म्हटलं की झालं.

सगळं जमत आलं आणि घड्याळाशी गाडं अडलं. डॅशबोर्डवरच्या त्या गोल घड्याळाचं भोक कानशीनं घासून केलेलं होतं. कारखान्यात भोकं यंत्रानं पडतात, कडा कशा गुळगुळीत असतात!

"हे नंतरचं दिसतंय," भिंगवाली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा दाढ काढायला बसलेल्या पेशंटसारखा झाला. "अहो, नीट बघा ना!"

"बघतेय. पण एक कळत नाही. भोक मोठं, घड्याळ लहान, तरी ते खडखडत कसं नाही?"

जेवायला उशीर होईल हे कळवायला तिनं घरी फोन लावला, आणि सहज ही तक्रारही सांगितली. पलीकडे सासरे. ते नोकरीभर ही गाडी बनली त्याच कारखान्यात डॅशबोर्ड बसवत होते.

"कानशीनं घासलंय? सूनबाई, कशाला हात लावू नकोस! मी आलोच!"

सासरे आले ते घरातल्या चपला घालून, आणि मागोमाग "अहो, दार तरी लावा" म्हणत सासूबाई.

"ही माझी कानशी!" सासरे भोकावरून बोट फिरवत म्हणाले. "घड्याळं आली, पण साचा आला नव्हता. पहिल्या काही गाड्यांची भोकं मीच घासली. हिचं जरा जास्तच घासलं गेलं. घड्याळ लागलं वाजायला खुळखुळ्यासारखं! तपासनीस दारात. मग काय, बूट काढला, मोजा काढला आणि दिला मागे कोंबून."

"झालं यांचं सुरू," सासूबाई म्हणाल्या. "ही कथा ऐकून ऐकून माझे कान किटले. मोजे हरवले हे कबूल करायचं नाही, एवढंच."

"बाबा, मी तुमच्या शब्दावर सही करू शकत नाही," भिंगवाली म्हणाली. "घरच्याच माणसाच्या तर मुळीच नाही. मला दिसलं पाहिजे."

डॉक्टरीणबाई धावत जाऊन दात बघायचा छोटा आरसा घेऊन आल्या. भिंगवालीनं तो डॅशबोर्डखालून आत सरकवला, टॉर्च वळवला, आणि तिला हसूच आवरेना. तिनं चिमट्यानं ओढलं. धुळीनं माखलेला, लोकरीचा, निळा मोजा. टाच पिवळी.

सासूबाईंनी तो तिच्या हातातून हिसकावलाच. "अगंबाई! निळी लोकर संपली म्हणून टाच पिवळी केली होती मी! माझ्या हातचा पहिला जोड!"

"आता बोला!" सासरे छाती फुगवून म्हणाले.

"बोलते काय? आधी धुते!"

"धुवू नका!" डॉक्टरीणबाई किंचाळल्या. "धुतला तर जसाच्या तसा कसा राहील?"

"अहो, पायातला आहे तो!"

"पण कारखान्यातला आहे ना!"

शेवटी भिंगवालीनं निकाल दिला. घड्याळ कारखान्याचं. मोजाही कारखान्यातूनच आलेला, सबब जागेवर राहील. न धुता. डॉक्टरीणबाईंनी सासऱ्यांना मिठी मारली, मग सासूबाईंना, मग गाडीच्या बॉनेटलाही.

मोजा परत आत गेला. घड्याळ गप्प बसलं. सासूबाई मात्र गप्प बसेनात.

"अहो, तुम्ही म्हणालात एक मोजा काढला. मग पायात एक उरला असेल ना? घरी तर एकही आला नाही."

सासरे डोकं खाजवू लागले. "आणखी एक भोक जरा मोठं झालं होतं बहुतेक..."

"कुठल्या गाडीचं?"

"ते कुठं आठवतंय आता!"

तेव्हापासून त्या घडणीची गाडी दिसली, की भिंगवाली स्क्रूंच्याही आधी डॅशबोर्डखाली डोकं घालते. दातांचा आरसा तिनं मागूनच घेतलाय. मालक विचारतात, "काय शोधताय?" ती उलट त्यांनाच विचारते, "तुमचं घड्याळ खडखडतं का हो?"